उलटी उत्क्रांती नव्हे, हुकलेला तोल

माणूस दोन पायांवर चालतो, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्यात काही नवल आहे, असे कुणाला वाटत नाही. २००५ साली मात्र याच साध्या गोष्टीवरून शास्त्रज्ञांमध्ये वाद पेटला. निमित्त होते दक्षिण तुर्कस्तानातील एका ग्रामीण कुटुंबाचे. या घरातील पाच भावंडे, चार बहिणी आणि एक भाऊ, वयाने मोठी झाल्यावरही उभी राहून चालत नव्हती. तळहात आणि पावले जमिनीला टेकवून, गुडघे न टेकता, कंबर उंच उचलून ती फिरत. बाकीची बहुतेक भावंडे मात्र चारचौघांसारखी चालत होती.

अदाना शहरातील चुकुरोवा विद्यापीठाचे मेंदूशास्त्रज्ञ युनेर तान यांनी या भावंडांची तपासणी केली. चाल, अडखळते बोलणे आणि बौद्धिक वाढीतील उणीव या लक्षणांच्या समूहाला त्यांनी स्वतःचेच नाव दिले आणि त्यापुढे जाऊन एक धाडसी तर्क मांडला. लाखो वर्षांपूर्वी माणसाचे पूर्वज ज्या अवस्थेतून गेले, त्याच अवस्थेकडे ही भावंडे परत गेली आहेत, असा तो तर्क. त्याला त्यांनी ‘उलटी उत्क्रांती’ म्हटले. २००६ मध्ये बीबीसीने या कुटुंबावर माहितीपट दाखवला आणि ही कल्पना जगभरच्या वर्तमानपत्रांत पोहोचली. मथळे चटकदार होते. ज्यांच्याविषयी ते लिहिले गेले, त्यांच्या वाट्याला काय आले असेल, याचा विचार मागे पडला.

पुढच्या काही वर्षांत या तर्काची तपासणी तीन बाजूंनी झाली. चालीचे मोजमाप झाले, मेंदूची छायाचित्रे घेतली गेली आणि जनुके शोधली गेली. त्यातून जे चित्र उभे राहिले, ते चटकदार मथळ्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. चालायला उशीर होणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनी तर ते जरूर समजून घ्यावे.

गाईची चाल आणि माकडाची चाल

चार पायांवर चालणारे सगळे प्राणी सारखेच चालतात, असे वरवर पाहता वाटते. पण पावले कोणत्या क्रमाने पडतात, हे नीट पाहिले तर फरक दिसतो. गाय सावकाश चालत असताना तिचा मागचा उजवा पाय टेकला की त्यानंतर त्याच बाजूचा, म्हणजे पुढचा उजवा पाय पडतो. मग मागचा डावा आणि पुढचा डावा. घोडा, कुत्रा, मांजर यांची संथ चालही साधारण अशीच असते. माकडांचे मात्र वेगळे आहे. त्यांचा मागचा उजवा पाय टेकला की पुढचा डावा हात पडतो. हा तिरका क्रम बहुतेक वानरवर्गीय प्राण्यांची ओळखच मानला जातो.

तुर्की भावंडे माकडांसारख्या तिरक्या क्रमाने चालतात, असा तान यांचा दावा होता आणि उलट्या उत्क्रांतीच्या कल्पनेला त्याचा मोठा आधार होता. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या मानववंशशास्त्रज्ञ लायझा शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दावा पडताळून पाहिला. त्यांनी भावंडांच्या चित्रफितींमधील ५१८ ढांगा एकेक करून तपासल्या आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. सुमारे ९८ टक्के ढांगांमध्ये क्रम गाई-घोड्यासारखा होता, माकडासारखा नव्हता.

याहून बोलकी गोष्ट पुढेच आहे. धडधाकट प्रौढ माणसांना हातापायांवर चालायला सांगितले, तर तीही याच क्रमाने चालतात. म्हणजे भावंडांची चाल कुठल्या पूर्वजाकडून आलेली नव्हती. लांब पाय आणि त्या मानाने आखूड हात घेऊन जन्मलेल्या कोणत्याही माणसाने जमिनीवर हात टेकले, तर तो जसा चालेल, तशीच ती चाल होती.

हात टेकण्याची पद्धतही वेगळे काही सुचवते. चिंपांझी आणि गोरिला बोटे मुडपून त्यांच्या पेरांवर भार देतात. ही भावंडे मनगटाजवळच्या तळव्यावर भार देत आणि बोटे जमिनीपासून वर उचलून धरत. केंब्रिजमध्ये शिकलेले ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ निकोलस हम्फ्री त्यांना भेटायला गेले होते. बोटे अशी जपल्यामुळे बहिणींच्या बोटांतील कसब टिकून होते आणि त्यांना विणकामासारखी नाजूक कामे जमत, असे त्यांच्या लक्षात आले. पूर्वज कदाचित असेच तळहातांवर चालत असावेत, अशी शक्यता हम्फ्री यांनीही बोलून दाखवली होती. पण ही माणसे मागे गेली आहेत, ही कल्पना त्यांना अजिबात मान्य नव्हती. त्यांच्या मते ती विज्ञानाला धरून नव्हती आणि त्या कुटुंबाचा अवमान करणारीही होती.

बिघाड पायांत नाही

मग ही भावंडे उभी का राहत नव्हती? त्यांचे पाय दुबळे नव्हते. हातापायांवर ती वेगाने आणि सहज फिरत. अडचण होती ती तोलाची, आणि तोलाचा मोठा कारभार लघुमेंदूकडे असतो.

डोक्याच्या मागच्या बाजूला, मोठ्या मेंदूच्या खाली, मुठीएवढा लघुमेंदू असतो. वजनाने तो पूर्ण मेंदूच्या जेमतेम दहाव्या भागाइतका. पण माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांतल्या जवळपास ६९ अब्ज एकट्या लघुमेंदूत असतात. पाय उचला, हा हुकूम लघुमेंदू देत नाही. तो हुकूम आणि प्रत्यक्ष हालचाल यांचा ताळा सतत जमवत असतो. पाऊल ठरल्यापेक्षा थोडे पुढे पडले, जमीन जरा उतरती निघाली, अंग डावीकडे कलले, या सगळ्याची दुरुस्ती तो आपल्या नकळत, क्षणाच्या आत करतो.

लघुमेंदूचे काम बिघडले की माणूस दारू न पिताही झिंगल्यासारखा चालतो. पाय फाकवून टाकतो, वळताना झोकांड्या खातो. वस्तू उचलताना हात नेमका पोहोचत नाही, बोलणे तुटक होते. या लक्षणांना डॉक्टर ‘अटॅक्सिया’ म्हणतात. तुर्की भावंडांच्या मेंदूच्या एमआरआय तपासणीत लघुमेंदू, विशेषतः त्याचा मधला पट्टा, पुरेसा वाढलेला नाही असे दिसले. शरीराचा मधला भाग, म्हणजे धड आणि कंबर, ताठ व स्थिर ठेवण्याचे काम याच पट्ट्याचे असते.

दोन पायांवर उभे असताना शरीराचा सगळा भार दोन पावलांच्या छोट्याशा जागेवर तोलायचा असतो. चालताना तर बराच काळ तो एकाच पावलावर असतो. दोन हात जमिनीला टेकले की आधाराची जागा कितीतरी पटींनी वाढते. ज्याला उभे राहताच घेरल्यासारखे होते, त्याला हा उपाय सुचणे स्वाभाविक आहे. भिंत धरून चालणारे आजोबा जे करतात, त्याचेच हे टोकाचे रूप म्हणता येईल.

चार जनुके, एकच चाल. एकच जनुक, वेगळी चाल

तुर्कस्तानात पुढे अशी आणखी काही कुटुंबे आढळली. त्यांच्या जनुकांचा शोध अंकारातील बिल्केंट विद्यापीठाचे तायफून ओझचेलिक आणि बर्लिनचे स्टेफान मुंडलोस यांच्या गटांनी घेतला. बहुतेक कुटुंबांत आईवडील जवळच्या नात्यातले होते. आजार अप्रभावी जनुकाचा होता. म्हणजे जनुकाची एक प्रत सदोष असली तर काहीच त्रास होत नाही, पण आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत आली तर आजार दिसतो. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता २५ टक्के असते.

२००८ मध्ये ओझचेलिक यांच्या गटाने दोन कुटुंबांत ‘व्हीएलडीएलआर’ नावाच्या जनुकात दोष असल्याचे दाखवून दिले. गर्भात मेंदू घडत असताना चेतापेशी एका ठिकाणी जन्म घेतात आणि तेथून प्रवास करून आपापल्या जागी जाऊन बसतात. ‘रीलिन’ नावाचे प्रथिन त्यांना वाट दाखवते. हा निरोप पेशीपर्यंत पोहोचवणाऱ्या दारांपैकी एक दार या जनुकामुळे बनते. दार बंद राहिले की पेशी भलत्या ठिकाणी अडकतात आणि लघुमेंदूची घडी विस्कटते. या प्रथिनाला नाव मिळाले तेही एका उंदराच्या चालीवरून. एडिनबर्गच्या डग्लस फाल्कनर यांनी १९५१ साली डुलत, कोलमडत चालणाऱ्या उंदरांच्या एका जातीचे वर्णन केले होते. त्या उंदरांतला दोष याच प्रथिनात असल्याचे १९९५ मध्ये कळले.

सारे काही एकाच जनुकापाशी येऊन थांबले असते, तर ‘उभे राहण्याचे जनुक’ सापडले, असे म्हणण्याचा मोह झाला असता. पण तसे घडले नाही. ज्या कुटुंबापासून वादाला सुरुवात झाली, त्या कुटुंबात दोष वेगळ्याच, सतराव्या गुणसूत्रावरील जनुकात निघाला. तिसऱ्या कुटुंबात आणखी वेगळे जनुक सापडले. इराकमधील एका कुटुंबातही अशी चाल दिसली आणि तेथे चौथेच जनुक दोषी ठरले. या चार जनुकांची पेशीतील कामे एकमेकांपेक्षा निराळी आहेत. त्यांच्यातला समान धागा म्हणजे दोष आला की लघुमेंदूचे काम बिघडते.

दुसरी बाजू याहून महत्त्वाची आहे. कॅनडा आणि अमेरिकेत हटराइट नावाचा ख्रिस्ती समाज सामुदायिक शेतीच्या वसाहती करून राहतो. मोजक्या पूर्वजांपासून वाढलेल्या या समाजात लग्ने आपसातच होतात. त्यांच्यातील काही मुलांना व्हीएलडीएलआर जनुकातील दोषामुळे तोल सांभाळता येत नाही, हे किम बॉयकॉट आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्येच शोधले होते. ही मुले उशिरा, बहुधा वयाच्या सहाव्या वर्षानंतर चालू लागतात. काही कधीच चालत नाहीत. पण ती हातापायांवर चालत नाहीत. डुलत, अडखळत का होईना, दोन पायांवर चालतात किंवा चाकाची खुर्ची वापरतात.

बिघडलेले जनुक तेच असताना चाल वेगळी का? बॉयकॉट यांच्या गटाने २००८ मध्ये लिहिलेल्या पत्रात याचे उत्तर सुचवले. एका ठिकाणी मुलांना लहानपणापासून व्यायामोपचार, आधाराची साधने आणि उभे करणारी माणसे मिळाली. दुसऱ्या ठिकाणी ती पुरेशी मिळाली नाहीत. केवळ उपचारांच्या अभावामुळे हे घडले, हे ओझचेलिक यांच्या गटाला मान्य झाले नाही आणि त्या मुद्द्यावर दोन्ही बाजूंनी लिखाण झाले. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. वेगवेगळी जनुके बिघडूनही चाल सारखी होऊ शकते आणि एकच जनुक बिघडूनही चाल वेगळी होऊ शकते. मग ती चाल थेट जनुकात लिहिलेली आहे, असे म्हणता येत नाही.

सायकलची बैलगाडी होत नाही

उलट्या उत्क्रांतीच्या कल्पनेत आणखी एक मूलभूत गफलत आहे. उत्क्रांती म्हणजे जिना, त्याची वरची पायरी मोडली की माणूस खालच्या पायरीवर येतो, असे ती गृहीत धरते. सायकलची साखळी तुटली म्हणून तिची बैलगाडी होत नाही. ती बिघडलेली सायकलच राहते. तसेच लघुमेंदू नीट न वाढलेला माणूस हा माणूसच असतो. त्याचे कटीर, मांडीचे हाड, पाऊल, कवटी हे सगळे दोन पायांवर चालणाऱ्या प्राण्याचेच असते.

ही हाडे आजची नाहीत. टांझानियातील लाएतोली येथे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेल्या पाऊलखुणा मेरी लीकी यांच्या चमूला १९७८ मध्ये सापडल्या. त्या सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीच्या आहेत. टाच, पावलाचा उंचवटा आणि इतर बोटांच्या ओळीतच असलेला अंगठा त्यांत दिसतो. आजूबाजूला हाताचा ठसा नाही. इथिओपियात १९७४ मध्ये डोनाल्ड जोहान्सन यांना सापडलेली ‘ल्युसी’ सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची. तिच्या मेंदूचे आकारमान चिंपांझीच्या आसपासचे असावे, पण कटीर वाडग्यासारखे पसरट आणि मांडीचे हाड गुडघ्याकडे आत वळलेले आहे. एका पायावर भार देताना शरीर त्याच पायावर तोलले जावे, यासाठीची ही रचना. म्हणजे आपले पूर्वज आधी चालायला शिकले, मेंदू मोठा झाला तो फार नंतर.

त्याहून जुनी ‘आर्डी’, सुमारे ४४ लाख वर्षांपूर्वीची. ती जमिनीवर दोन पायांनी चालत असावी, तरी तिच्या पायाचा अंगठा फांदी पकडण्यासारखा बाजूला वळलेला आहे. तिच्या हातांच्या हाडांत पेरांवर चालण्याच्या खुणा नाहीत, असे तिचा अभ्यास करणारे सांगतात. काही शास्त्रज्ञांचे मत वेगळे आहे आणि दोन पायांवर येण्याआधी आपले पूर्वज नेमके कसे वावरत, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. ज्या पूर्वजाची चालच निश्चित माहीत नाही, त्याच्याकडे कुणी परत गेले, असे ठरवणार तरी कशाच्या आधारावर?

हा बदल एका जनुकाने एका रात्रीत घडला नाही, याचाही पुरावा हाती आहे. ब्रिटनच्या बायोबँकेतील ३१ हजारांहून अधिक लोकांच्या क्ष-किरण प्रतिमा संगणकाने मोजून २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हाडांची लांबी आणि कटीर-खांद्यांची रुंदी ठरवण्याशी संबंधित अशी जनुकसंचातील १४५ ठिकाणे त्यात मिळाली. दोन पायांवरची चाल म्हणजे अशा असंख्य बारीक बदलांची लाखो वर्षांत जमत गेलेली बेरीज. त्यातून मिळालेला फायदाही मोठा होता. चिंपांझींना आणि माणसांना ट्रेडमिलवर चालवून २००७ मध्ये मोजणी झाली, तेव्हा माणसाला चालण्यासाठी चिंपांझीच्या मानाने सुमारे ७५ टक्के कमी ऊर्जा लागते, असे आढळले.

चालणे शिकावे लागते

हाडे तयार असली तरी चालणे आयते मिळत नाही. गाईचे वासरू जन्मल्यावर तासा-दोन तासांत उभे राहते. माणसाच्या बाळाला त्यासाठी साधारण वर्ष लागते, कारण त्याचा लघुमेंदू जन्मानंतरही झपाट्याने वाढत असतो. आणि त्याला लागतो सराव. न्यूयॉर्कमधील कॅरन अडॉल्फ यांच्या चमूने नुकत्याच चालू लागलेल्या मुलांची पावले मोजली. खेळताना ही मुले तासाला सरासरी २,३६८ पावले टाकत आणि १७ वेळा पडत. पडायचे, उठायचे आणि पुन्हा चालायचे, हीच लघुमेंदूची शाळा.

या शाळेत काही निरोगी मुले मधला एक वर्ग वेगळ्या पद्धतीने करतात. गुडघे टेकून रांगण्याऐवजी ती तळहात आणि पावलांवर, अस्वलासारखी चालतात. मानववंशशास्त्रज्ञ आलेश हर्डलिच्का यांनी १९३१ साली अशा मुलांवर अख्खे पुस्तक लिहिले. ही मुले पुढे सर्वसाधारण मुलांसारखीच उभी राहून चालली. काही बाळे तर रांगतच नाहीत आणि तीही निरोगी असतात. तुर्की भावंडांच्या बाबतीत हम्फ्री यांचा तर्क असाच होता. बालपणातली ही पायरी त्यांनी गाठली, पण बिघडलेल्या तोलामुळे आणि पुढे नेणारा आधार न मिळाल्यामुळे ती तिथेच थांबली. वर्षानुवर्षांच्या सरावाने हीच चाल पक्की झाली.

याचा पडताळा पुढे मिळाला. या कुटुंबाला धरून चालण्यासाठी समांतर दांड्या आणि चालण्याची चौकट मिळाली, व्यायामोपचाराची मदत मिळाली. प्रौढ वयातही भावंडांपैकी काही जण आधाराने उभे राहून चालू लागले. लाखो वर्षे मागे गेलेली माणसे दोन दांड्या धरून पुढे आली, असे कसे होईल? त्यांना हवा होता तो आधार, आणि तो अतिशय साधा होता. आपल्याकडे पूर्वी घरोघरी सुताराकडून करून घेतलेला पांगुळगाडा असे. मूल त्याची दांडी धरून, तो ढकलत पावले टाकायला शिके. तत्त्व तेच, तोल डळमळत असेल तेव्हा हाताला काहीतरी धरायला द्यायचे.

आपल्याकडे काय लक्षात ठेवावे?

हातापायांवरची चाल अतिशय दुर्मीळ असली, तरी आनुवंशिक अटॅक्सिया आपल्या देशात अनोळखी नाहीत. त्यांचे कितीतरी प्रकार आहेत. काही बालपणी दिसतात, काही चाळिशीनंतर. बहुतेकांवर रामबाण औषध नाही. पण इ जीवनसत्त्वाच्या अभावामुळे होणाऱ्या आनुवंशिक प्रकारासारखे काही प्रकार वेळीच ओळखले, तर औषधाने आटोक्यात राहतात. म्हणून ‘जन्मजात आहे, काही करता येणार नाही’ असे घरच्या घरी ठरवून टाकणे धोक्याचे.

मुलांच्या बाबतीत काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील मुलांची पाहणी केली होती. त्यांतील जवळपास सगळी मुले १८ महिन्यांच्या आत आधाराशिवाय चालू लागली. त्यामुळे दीड वर्षाचे मूल स्वतःहून चालत नसेल, नऊ-दहा महिन्यांचे मूल आधाराशिवाय बसत नसेल, एकच बाजू जास्त वापरत असेल किंवा आधी जमणारी गोष्ट आता जमेनाशी झाली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. ‘आमच्याकडे सगळी उशिराच चालतात’ म्हणून वाट पाहू नये. नीट चालणारे मूल अचानक झोकांड्या खाऊ लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाड्या आणि शाळांमध्ये मुलांची तपासणी होते. विकासात मागे राहणाऱ्या मुलांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. तेथे व्यायामोपचार, वाचा-उपचार यांसारखी मदत मिळण्याची सोय आहे. दुर्मीळ आजारांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार निवडलेल्या केंद्रांमध्ये मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. चाकांच्या आसनात मुलाला बसवायचे जे ‘वॉकर’ बाजारात मिळतात, ते मात्र उपचार नव्हेत. त्यांनी चालणे लवकर येत नाही, उलट अपघात होतात. कॅनडाने तर २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. मुलाला आधाराचे साधन कोणते द्यायचे, हे व्यायामोपचार तज्ज्ञच ठरवतील.

प्रश्न नात्यातल्या लग्नांचाही आहे. महाराष्ट्राच्या अनेक भागांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अजून आहे. सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात. अशा लग्नातील बहुतेक मुले निरोगी जन्मतात, हे खरे. पण कोणत्याही जोडप्याच्या बाळाला जन्मजात दोषाचा धोका साधारण दोन ते तीन टक्के असतो, तो अशा लग्नात जवळपास दुप्पट होतो. घरात एखाद्या मुलाला असा आजार असेल, तर पुढच्या गरोदरपणाआधी जनुकीय समुपदेशन घ्यावे. दोष कोणत्या जनुकात आहे हे एकदा कळले की घरातील इतर वाहक ओळखता येतात आणि गर्भाची तपासणीही करता येते.

यात दोष कुणाचाच नसतो, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगण्याची गरज अनेकदा पडते. आजार अप्रभावी असेल तर सदोष प्रत आईकडून जेवढी येते, तेवढीच वडिलांकडूनही येते. सुनेला बोल लावून किंवा गेल्या जन्मीचे पाप शोधून त्या मुलाचे एक पाऊलही पुढे पडत नाही. अंगणात कंबरेच्या उंचीवर दोन बांबू समांतर बांधून, रोज ठरलेल्या वेळी त्याला त्यांच्यामध्ये उभे केले, तर पडण्याची शक्यता पुष्कळ.